आधी खोळंबा, मग खरेदी : ऑनलाइन व्यवसाय सुरू करताना साधनांवरचा खर्च कसा आवरावा

तीन वर्षांपूर्वी निफाड तालुक्यातील एका ओळखीच्या बागायतदाराकडून चाळीस किलो बेदाणे घेऊन मी नाशकातल्या इंदिरानगरमधील घरातून ऑनलाइन विक्री सुरू केली, तेव्हा मालाचे १२,००० रुपये झाले होते आणि साधनांचे ३३,०००. तीन वर्षांचे होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्यासाठी इंटरनेटवर भाड्याने घेतलेली जागा) ९,४००, संकेतस्थळाची तयार थीम ४,६००, ई-मेल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी ६,२००, पत्त्याची लेबले छापणारा थर्मल प्रिंटर ८,५०० आणि छायाचित्रांसाठी दिव्यांचा संच ४,३००, अशी ती यादी होती, आणि ही सगळी खरेदी पहिली ऑर्डर येण्याआधीच झाली होती. पुढच्या दोन महिन्यांत एकोणतीस ऑर्डरी आल्या. त्या सगळ्या व्हॉट्सॲपवरून आल्या, पैसे यूपीआयने आले आणि पत्ते मी हाताने लिहिले. ई-मेलच्या सॉफ्टवेअरमध्ये चौदा पत्ते जमले होते, त्यांतले चार घरच्यांचे होते.

यातली बरीचशी साधने आपापल्या जागी चांगली होती. माझी चूक क्रमाची झाली. काम कुठे अडते हे कळण्याआधीच मी ते सोडवण्याची साधने विकत घेतली होती. पुढे दिलेल्या पायऱ्या त्याच चुकीतून आणि नंतरच्या हिशेबांतून बसवलेल्या आहेत. बेदाणे, मसाले, चिवडा, येवल्याची पैठणी किंवा जुन्या नाशकातल्या तांबटांनी घडवलेली भांडी, असा काही वस्तुरूप माल घरून किंवा लहान दुकानातून विकू पाहणाऱ्याला त्या सरळ वापरता येतील.

पहिली पायरी : एका ऑर्डरचा प्रवास कागदावर उतरवावा

संगणक उघडण्याआधी कोरा कागद घ्यावा आणि त्यावर एका ऑर्डरचा प्रवास लिहावा. आपल्याकडे हा माल आहे हे गिऱ्हाइकाला कसे कळते, तो भाव कुठे विचारतो, पैसे कसे देतो, पत्ता कसा कळवतो, माल कोण भरतो, तो कोणामार्फत जातो, पोहोचल्याचे कसे समजते, खराब निघाला तर गिऱ्हाईक कोणाला फोन करतो आणि या सगळ्याचा हिशेब कुठे राहतो, एवढे टप्पे पुरेत. प्रत्येक टप्प्यासमोर आज आपल्या हाताशी जे आहे तेच लिहावे, जे घ्यायचे मनात आहे ते लिहू नये.

बहुतेकांचा कागद फोन, बँक खाते, वही, कात्री आणि चिकटपट्टी यांनीच भरतो. एखादी ओळ मात्र खरोखर रिकामी राहते, आणि ती प्रत्येक धंद्यात वेगळी असते. माझ्या कागदावर वजनकाट्यासमोर काहीच नव्हते. पैठणी विकणाऱ्याला वजनकाट्याची तितकी गरज नाही, पण साडी दमट हवेत कुठे आणि कशात ठेवायची या प्रश्नासमोर त्याचा कागद कोरा राहील. तांब्याची भांडी पाठवणाऱ्याची रिकामी ओळ पोचा न पडता भांडे कसे पोहोचवायचे ही असेल. ‘ऑनलाइन व्यवसायासाठी आवश्यक पंधरा साधने’ अशा तयार याद्यांमध्ये ही ओळ कधीच नसते, कारण त्या याद्या कोणत्याही एका मालाच्या नसतात. पहिली खरेदी या रिकाम्या ओळीपुरती करावी.

दुसरी पायरी : पहिल्या पंचवीस ऑर्डरी हाताशी असलेल्या साधनांवर काढाव्यात

पंचवीस हा आकडा काही शास्त्राने ठरलेला नाही, पण तेवढ्या ऑर्डरींत गिऱ्हाईक काय विचारते, कुठे अडखळते आणि पुन्हा येते की नाही याचा अंदाज येतो. या काळात महिन्याची वर्गणी असलेले एकही साधन घेऊ नये.

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप मोफत आहे आणि छोट्या विक्रेत्याला लागणाऱ्या निम्म्या गोष्टी त्यात आहेत. त्यातल्या कॅटलॉगमध्ये ५०० वस्तूंपर्यंत छायाचित्र, वर्णन आणि भाव टाकता येतात. ‘नवी ऑर्डर’, ‘पैसे आले’, ‘पाठवले’ अशी लेबले संभाषणांना लावता येतात आणि वारंवार द्यावी लागणारी उत्तरे एकदाच लिहून ठेवून दोन अक्षरांत पाठवता येतात. त्यासाठी वेगळे सिम कार्ड घ्यावे, कारण व्यवसायाचे आणि घरचे संदेश एकत्र आले की दोन्हींची दैना होते. ब्रॉडकास्ट संदेश, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवलेला संदेश, फक्त ज्यांनी आपला नंबर साठवला आहे त्यांनाच पोहोचतो, हेही ध्यानात असावे. पहिल्या पार्सलात ‘हा नंबर जतन करावा’ अशी एक चिठ्ठी टाकली, तर ती कोणत्याही प्रसार-सॉफ्टवेअरपेक्षा अधिक उपयोगी पडते.

गूगल बिझनेस प्रोफाइलही मोफत आहे. त्याची एक अट मात्र आहे. गिऱ्हाईक आपल्याकडे येत असेल किंवा आपण त्याच्याकडे जाऊन माल देत असू, तरच ते मिळते, केवळ ऑनलाइन विक्रीला मिळत नाही. नाशिक शहरात, म्हणजे गंगापूर रोडपासून नाशिक रोडपर्यंत, आपण स्वतः माल पोहोचवणार असू तर घरचा पत्ता झाकून फक्त सेवेचा परिसर दाखवता येतो. हे प्रोफाइल चालू केले की ‘गूगलकडून बोलतोय, पडताळणीचे पैसे भरा’ असे फोन येऊ शकतात. गूगल या पडताळणीसाठी पैसे घेत नाही, म्हणून तो फोन तिथेच ठेवावा.

पैसे घेण्यासाठी यूपीआय पुरेसे आहे. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारांवर व्यापाऱ्याला व्यवहार शुल्क द्यावे लागत नाही. पेमेंट गेटवे, म्हणजे संकेतस्थळावर कार्ड वगैरेने पैसे स्वीकारून देणारी सेवा, साधारण २ टक्के शुल्क घेतो आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ६०० रुपयांच्या ऑर्डरमागे १४ रुपये १६ पैसे जातात. क्रेडिट कार्डाने पैसे देऊ पाहणारी किंवा रात्री-अपरात्री स्वतःच खरेदी उरकणारी गिऱ्हाइके येऊ लागली की तो खर्च रास्त ठरतो, आधी नाही. पैसे मिळाल्याची घोषणा करणाऱ्या भाड्याच्या यंत्राची तर घरून पार्सल पाठवणाऱ्याला काहीच गरज नाही, कारण ते दुकानाच्या गल्ल्यासाठी बनवलेले आहे. एक खबरदारी घ्यावी. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या पावतीच्या चित्रावर विसंबून माल पाठवू नये, रक्कम आपल्या बँक खात्यात दिसली की मगच पार्सल बांधावे.

हिशेबासाठी गूगल शीट्स, जाहिरातीच्या चित्रांसाठी कॅनव्हाची मोफत आवृत्ती, फेसबुक-इन्स्टाग्रामवरील मजकूर आधीच वेळ लावून ठेवण्यासाठी मेटा बिझनेस सूट, एवढ्यावर वर्षभर निभावते. कॅनव्हात मुकुटाचे चिन्ह असलेले नमुने सशुल्क असतात, ते टाळले की झाले.

तिसरी पायरी : खोळंब्याची वही ठेवावी

माझ्या मते या सगळ्या खटाटोपात हीच पायरी सर्वांत मोलाची आहे, आणि तिला शंभर पानी वहीपलीकडे काहीही लागत नाही. काम जिथे जिथे अडेल तिथे त्याच वेळी वहीत एक ओळ लिहावी. तारीख, काय अडले, किती मिनिटे गेली आणि किती रुपये गेले, एवढेच त्यात यावे. ‘पत्ता पुन्हा विचारावा लागला, ६ मिनिटे.’ ‘पिनकोड चुकला, पार्सल परत आले, ६५ रुपये.’ ‘बेदाणे काळे की पिवळे, हे पाचव्यांदा सांगितले, ३ मिनिटे.’ रात्री आठवून लिहायचे म्हटले तर ही वही भरत नाही. चिडचिड ताजी असतानाच लिहिलेली ओळ खरी असते.

पहिल्या तीन आठवड्यांत माझ्या वहीत ४१ ओळी झाल्या आणि त्यांतल्या १७ पत्त्याच्या होत्या. त्या आधी मला कोणी विचारले असते, तर माझी मुख्य अडचण संकेतस्थळ नीट दिसत नाही ही आहे, असे मी छातीठोकपणे सांगितले असते. पत्त्याच्या अडचणीवर उपाय म्हणून गूगल फॉर्म तयार केला. त्यात नाव, घर क्रमांक, खूण, पिनकोड आणि दुसरा फोन नंबर असे वेगवेगळे रकाने केले आणि त्याचा दुवा व्हॉट्सॲपच्या साठवलेल्या उत्तरात ठेवला. फॉर्ममधली माहिती आपोआप शीटमध्ये येऊन बसते, त्यामुळे पत्ता दुसऱ्यांदा टंकण्याचेही काम गेले. ‘माल कुठवर आला’ या प्रश्नांचे उत्तर रोज संध्याकाळी कुरिअरचा माग काढण्याचा दुवा पाठवून संपले, आणि काळ्या-पिवळ्याचा प्रश्न कॅटलॉगमधल्या दोन वाक्यांनी मिटला. ४१ पैकी ३० हून अधिक ओळी एक रुपयाही खर्च न करता निकालात निघाल्या.

वहीतली ओळ वारंवार येऊ लागली की तिला क्रमाने प्रश्न विचारावेत. हे कामच टाळता येईल का? जे आहे त्यातच बसवता येईल का? उसने किंवा भाड्याने भागेल का? तिन्ही उत्तरे नकारार्थी आली तरच विकत घेण्याचा विचार करावा, आणि तोही पुढील हिशेबानंतर. समजा दिवसाला तीन ऑर्डरी येतात आणि प्रत्येकीमागे एका कामात ४ मिनिटे जातात. महिन्याला ३६० मिनिटे, म्हणजे ६ तास झाले. आता तासाचा दर धरायचा. ‘माझा वेळ अमूल्य आहे’ असे म्हणून तो वाटेल तेवढा फुगवता येतो, म्हणून हेच काम करायला मदतनीस ठेवला तर त्याला तासाला जे द्यावे लागेल, तोच दर धरावा. मी ८० रुपये धरला. ६ तासांचे ४८० रुपये होतात, आणि तेवढे वाचवण्यासाठी महिन्याला १,५०० रुपयांचे सॉफ्टवेअर घेणे म्हणजे चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला. दिवसाला वीस ऑर्डरी आल्या तर तेच काम ४० तासांचे, म्हणजे ३,२०० रुपयांचे होते, आणि मग तेच सॉफ्टवेअर स्वस्त पडते. साधन बदललेले नसते, फक्त आपण त्याच्या जागी पोहोचलेलो असतो.

चौथी पायरी : दिसणारी किंमत सोडून खरी किंमत मांडावी

डॉलरमधल्या वर्गणीत माणूस सहज फसतो. पडद्यावर ‘महिना २० डॉलर’ असे दिसते. सोयीसाठी डॉलर ९० रुपयांचा धरला तर १,८०० रुपये झाले. जीएसटी नोंदणी नसलेल्या भारतीय ग्राहकाकडून परदेशी कंपनीने १८ टक्के कर आकारायचा असतो, ते ३२४ रुपये. पुष्कळ बँका परकीय चलनातील व्यवहारावर साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार आणि त्यावर पुन्हा कर लावतात, ते सुमारे ८८ रुपये. महिन्याचे सुमारे २,२१० आणि वर्षाचे साडेसव्वीस हजार रुपये, अशी ती खरी किंमत झाली. जीएसटी नोंदणी असेल तर हा कर उलट आकारणीने, म्हणजे विक्रेत्याऐवजी, आपणच भरावा लागतो आणि नियमांनुसार त्याची वजावटही मिळू शकते, पण ते काम सीएला विचारूनच करावे.

ही रक्कम आता आपल्या नफ्याच्या भाषेत वाचावी. माझे एक किलो बेदाण्यांचे पाकीट ४८० रुपयांना जात असे. माल ३००, खोके आणि पिशवी २५, कुरिअर ६५, हे वजा केले की ९० रुपये उरत. म्हणजे हे एक साधन पोसण्यासाठी महिन्याला २५ ऑर्डरी खर्ची पडल्या असत्या, आणि माझ्या तर दोन महिन्यांत मिळून २९ होत्या. कोणतेही साधन घेण्याआधी ‘याला महिन्याला किती ऑर्डरी लागतील’ हा एकच आकडा कागदावर लिहिला, तर निम्मी खरेदी आपोआप थांबते.

होस्टिंग आणि डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता असलेले नाव) यांत पहिल्या वर्षाचा भाव आणि नूतनीकरणाचा भाव यांत मोठी तफावत असू शकते. ठळक अक्षरातला भाव अनेकदा तीन-चार वर्षांचे पैसे एकरकमी भरले तरच लागू असतो. मी तेच केले आणि दहाव्या महिन्यात दुसरीकडे गेलो. उरलेल्या सव्वादोन वर्षांचे पैसे परत मिळाले नाहीत, कारण अटींत तसे लिहिलेले होते आणि अटी मी पैसे भरल्यावर वाचल्या. याशिवाय माणशी दर आहे का, महिन्याला ठरावीक ऑर्डरींनंतर पुढची योजना घ्यावी लागते का, आणि प्रत्येक विक्रीवर वेगळी टक्केवारी कापली जाते का, हे तीन प्रश्न लेखी विचारून घ्यावेत.

पाचवी पायरी : संकेतस्थळ टप्प्याटप्प्याने उभे करावे

एकच गोष्ट लवकर घ्यावी असे मी म्हणेन, ती म्हणजे डोमेनचे नाव. ते स्वस्त असते आणि एकदा दुसऱ्याने घेतले की गेले. पण ते स्वतःच्या ई-मेलने, स्वतःच्या खात्यात आणि स्वतःच्या नावावर नोंदवावे. संकेतस्थळ बनवणाऱ्या ओळखीच्या मुलाने ‘मी घेऊन टाकतो’ म्हटले आणि ते त्याच्याच खात्यात राहिले, तर दोन वर्षांनी तो पुण्याला नोकरीला गेल्यावर आपल्याच नावासाठी त्याची मनधरणी करावी लागते.

त्यानंतर बराच काळ एका पानाचे संकेतस्थळ चालते. माल, भाव, आपली ओळख आणि व्हॉट्सॲपचा दुवा, एवढे त्यावर असावे. वस्तू निवडून टाकायची टोपली (कार्ट), ऑर्डर आणि ऑनलाइन पैसे अशी पूर्ण दुकानरचना वहीतल्या ओळी मागू लागल्यावरच करावी. संकेतस्थळ बनवण्याचे वर्डप्रेस आणि त्यावर दुकान उभारण्याचे वूकॉमर्स ही दोन्ही मोफत सॉफ्टवेअर आहेत, परंतु होस्टिंगला आणि अनेक जोड-सुविधांना पैसे पडतात, शिवाय ती अद्ययावत ठेवण्याचे काम कोणालातरी नियमाने करावे लागते. ज्याला तांत्रिक कामाचा कंटाळा आहे त्याने हे ‘फुकट’ घेण्याऐवजी पुढे महिन्याच्या वर्गणीचे तयार दुकान घेतलेले बरे. संकेतस्थळावरची माहिती सुरक्षितपणे जावी यासाठी लागणारे एसएसएल प्रमाणपत्र विकत घेण्याचा आग्रह कोणी केला तर सरळ नाही म्हणावे. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते मोफत देते आणि बरेच होस्टिंग पुरवठादार ते आपोआप बसवून देतात. शोधयंत्रात आपले पान दिसते की नाही हे पाहायला गूगल सर्च कन्सोल मोफत आहे आणि सुरुवातीला तेवढे पुरे.

सहावी पायरी : पॅकिंग, वजन आणि कुरिअर

येथे खरा पैसा वाचतो, पण येथे सॉफ्टवेअर नसल्यामुळे याकडे लक्ष कमी जाते. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांतले जे जास्त, त्याचे पैसे घेतात. आकारमानी वजन काढण्यासाठी लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे ५,००० ने भागतात. एक किलो बेदाणे ३० × २५ × २० च्या खोक्यात घातले तर गुणाकार १५,००० येतो आणि पार्सल ३ किलोचे धरले जाते. तेच बेदाणे २० × १५ × १० च्या खोक्यात बसवले तर आकारमानी वजन अवघे ६०० ग्रॅम भरते आणि प्रत्यक्ष वजनाचेच पैसे लागतात. योग्य मापाची दोन खोकी ठरवून घेण्यासाठी मी एक दुपार मोजपट्टी घेऊन बसलो. त्या दुपारने जेवढे वाचवले तेवढे कोणत्याही ॲपने वाचवले नाही.

स्वतःचे नाव छापलेली खोकी सुरुवातीला घेऊ नयेत. छापखान्याची किमान संख्या बहुधा शेकड्यांत असते, आणि नंबर किंवा पत्ता बदलला की तो सगळा गठ्ठा रद्दीत जातो. मेन रोड आणि रविवार कारंजा परिसरातील घाऊक दुकानांत साधी खोकी पाच-दहा दुकाने फिरून भाव काढून घ्यावीत आणि त्यांवर मारायला एक रबरी शिक्का करून घ्यावा. तपकिरी खोक्यावर निळ्या शाईचा ठसा, खरे सांगायचे तर, छापील खोक्यापेक्षा देखणा दिसतो. लेबलांसाठी एका ए-फोर कागदावर दोन पत्ते छापून कापावेत. दिवसाला पाच-सहा पार्सलांपर्यंत कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानावर भागते. कुरिअर एकाच कंपनीशी बांधून घेऊ नये. स्पीड पोस्टचा दर आणि दोन खासगी कुरिअरांचा दर आपल्या नेहमीच्या वजनासाठी आणि नेहमीच्या चार शहरांसाठी एका तक्त्यात लिहून ठेवावा. कुरिअर जोडून देणाऱ्या सेवांमध्ये आगाऊ रक्कम भरावी लागते, तेव्हा पहिल्यांदा अगदी किमान तेवढीच भरावी.

वजनकाट्यावर मात्र काटकसर करू नये. वजनावर माल विकायचा असेल तर वैध मापन यंत्रणेने पडताळून शिक्का मारलेला काटाच वापरावा लागतो आणि त्याची ठरावीक मुदतीने फेरपडताळणीही करावी लागते. ऑनलाइन मिळणारा स्वयंपाकघरातला छोटा काटा त्यासाठी चालत नाही. पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, आपले नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हेही द्यावे लागते. हे सगळे साध्या छापील स्टिकरवर बसते. बांधलेले पार्सल काट्यावर ठेवून, आकडा दिसेल असे छायाचित्र रोज काढावे. कुरिअरने वजन जास्त धरल्याचा वाद निघाला की तेच कामी येते.

सातवी पायरी : छायाचित्रे

खिडकी, थर्मोकोलची एक पांढरी पाटी आणि पांढरा कार्डशीट, एवढ्यात काम होते. सकाळचा प्रकाश एका बाजूने खिडकीतून येऊ द्यावा आणि दुसऱ्या बाजूला थर्मोकोल उभा करावा, म्हणजे सावली मऊ होते. पैठणीच्या जरीवर फ्लॅश कधी मारू नये, जरीचा पांढरा ठिपका होतो आणि काठाचा रंग मरतो. तांब्या-पितळेच्या भांड्यांत अख्खी खोली उमटते, म्हणून तिथे तिन्ही बाजूंना पांढरे कागद लावावेत. माझा दिव्यांचा संच मी तिसऱ्या महिन्यात एका विवाह छायाचित्रकाराला निम्म्या किमतीत दिला.

आठवी पायरी : सरकारी नोंदण्या स्वतःच्या हाताने कराव्यात

सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती आधारवर होते आणि तिला शासकीय शुल्क नाही. शोध घेतल्यावर तशाच दिसणाऱ्या आणि हजार-दोन हजार रुपये मागणाऱ्या खासगी पानांपासून सावध राहावे, खऱ्या पत्त्याच्या शेवटी सरकारी डोमेन असते. खाद्यपदार्थ भरून विकायचे असतील तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवीच. तीही फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर स्वतः करता येते आणि मिळालेला चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो.

जीएसटीची बाब थोडी नाजूक आहे. महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. परंतु करपात्र वस्तू राज्याबाहेर पाठवायची झाली की, काही अपवाद सोडता, उलाढाल कितीही असो, नोंदणी करावी लागते. नाशिकहून सुरत जवळ आहे, पण कायद्याच्या दृष्टीने ते परराज्य आहे. ॲमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या मोठ्या विक्रीमंचांवरून राज्याच्या आतच वस्तू विकणाऱ्या लहान विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून अटींसह सवलत मिळाली आहे. नोंदणीला सरकारी शुल्क नसले तरी त्यानंतर विवरणपत्रे नियमाने भरावी लागतात, म्हणून सुरुवातीलाच सीएची एक तासाची फी देऊन आपल्या मालाचा नियम समजून घ्यावा. तो खर्च मी कधीच अनावश्यक मानणार नाही.

नववी पायरी : वर्गण्यांवर पहारा ठेवावा

मोफत चाचणी घेताना त्याच क्षणी, मुदत संपण्याच्या तीन दिवस आधीची आठवण फोनमध्ये लावावी. चाचणीच्या पहिल्याच दिवशी आपली माहिती त्यातून साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येते का ते पाहावे. येत नसेल तर गिऱ्हाइकांची यादी त्यात भरूच नये, कारण पुढे साधन महाग झाले तरी यादीपायी तिथेच राहावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आपोआप होणाऱ्या कपातीची सूचना किमान २४ तास आधी यावी लागते. ती बहुधा जाहिरातींच्या संदेशांत हरवते, म्हणून महिन्यातून एकदा यूपीआय ॲपमधील ऑटोपेची यादी आणि बँकेतील कार्डाच्या स्थायी सूचना स्वतः उघडून पाहाव्यात. सेवा बंद करताना तिच्या खात्यातून वर्गणी रद्द करावी आणि बँकेकडची किंवा यूपीआयची परवानगीही वेगळी रद्द करावी. दोन्ही केल्याशिवाय ते काम पूर्ण झाले असे मानू नये.

सध्या नाशिकच्या २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने काहीतरी ऑनलाइन सुरू करावे असे अनेकांच्या मनात आहे, आणि त्या घाईत वार्षिक योजना एकदम घेण्याचा मोह होतो. हंगामी विक्रीसाठी साधने महिन्याच्या वर्गणीनेच घ्यावीत, मग ती महिन्याला थोडी महाग पडली तरी चालतील. गर्दी ओसरल्यावर बंद करता येणे, यासाठी तो जादा पैसा असतो.

ज्यांनी आधीच खर्च केला आहे त्यांच्यासाठी

गेलेल्या पैशांमागे आणखी पैसे जाऊ नयेत, एवढे पहिल्या दिवशी पाहावे. सर्व सेवांचे स्वयंचलित नूतनीकरण बंद करावे, परताव्याची मुदत शिल्लक आहे का ते तपासावे आणि जे यंत्र तीन महिन्यांत हाताला लागले नाही ते विकून टाकावे. वार्षिक वर्गणी भरून झालीच असेल तर ती संपेपर्यंत साधन वापरावे, पण ‘पैसे भरलेत’ म्हणून आपले काम त्याच्या साच्यात बसवू नये.

माझा लेबल प्रिंटर मात्र मी विकला नाही, केवळ आळसामुळे. दुसऱ्या दिवाळीत दिवसाला वीस पार्सले जाऊ लागली आणि खोळंब्याच्या वहीत पत्ते लिहिण्याची ८० मिनिटे रोज दिसू लागली, तेव्हा तो कपाटातून निघाला. दीड वर्ष पडून राहिलेल्या रोलचा गोंद सुकलेला होता आणि एकही लेबल खोक्यावर चिकटेना. नवा रोल आणेपर्यंत ते वीस पत्ते मी हातानेच लिहिले.